समुपदेशन की मानसोपचार? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन उचलला की पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं: "मॅडम, आम्हाला काउन्सिलिंग लागेल की ते दुसरं?" त्या दुसऱ्याचं नाव घ्यायलाही माणसं कचरतात. मी सोलापुरात समुपदेशक म्हणून काम करते. गोळ्या लिहून द्यायचा मला अधिकार नाही आणि प्रत्येक त्रास माझ्या खोलीत सुटत नाही. त्यामुळे कुणी कुठे जावं हे सांगण्यात माझा बराच वेळ जातो, आणि तो सत्कारणी लागतो असं मला मनापासून वाटतं. खालचे प्रश्न लोकांनी विचारलेले आहेत. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील तेवढे बदलले आहेत.

दोन्हींत फरक काय, ते सोप्या भाषेत सांगा.

समुपदेशन आत्ता समोर उभ्या असलेल्या प्रश्नाभोवती चालतं. नोकरी सुटली, लग्न मोडलं, घरातलं माणूस गेलं, बारावीनंतर काय करायचं कळेना, शुगर निघाली आणि हातपाय गळाले. असा माणूस एरवी ठीक असतो, आत्ता अडलेला असतो. त्याला नीट ऐकून घेणारं आणि गुंता सोडवताना दोऱ्याचं दुसरं टोक धरणारं कुणी हवं असतं. काही आठवड्यांत त्याची त्याला वाट दिसू लागते.

मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून केलेला उपचार, त्याच्या खाली उतरतो. प्रश्न बदलतात पण त्रास तोच राहतो, तेव्हा त्याची गरज लागते. तीन नोकऱ्या सोडल्या आणि तिन्ही ठिकाणी साहेबांसमोर वाचा बसली, असं ज्याचं होतं त्याला चौथी नोकरी शोधून देऊन भागत नाही. खोल उदासी, घबराटीचे झटके, मंत्रचळ (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा; हल्ली सगळे ओसीडी म्हणतात), लहानपणीचा आघात, वारंवार तुटणारी नाती या गोष्टींवर ठरलेल्या पद्धतीने, टप्प्याटप्प्याने काम करावं लागतं.

दोन नावं पडली, कारण दोघांची मुळं वेगळी आहेत. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारी कचेरी काढली. आजच्या समुपदेशनाचा एक मोठा झरा तिथला. बोलून बरं करण्याची पद्धत त्याआधी व्हिएन्नात फ्रॉईड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दवाखान्यात आकार घेत होती. पुढे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स तर १९४० च्या दशकातच हे दोन शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरत होते. आजही अनेक तज्ज्ञ एकाच खुर्चीत बसून दोन्ही कामं करतात. म्हणून नावाच्या काथ्याकुटात आठवडे घालवू नका. त्रास किती जुना आहे आणि त्यानं तुमच्या जगण्याची किती जागा खाल्ली आहे, ते बघा.

मानसोपचार म्हणजे गोळ्या आणि शॉकच ना?

नाही. हा गोंधळ आपल्या भाषेनं करून ठेवला आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, म्हणजे सायकियाट्रिस्ट. आणि सायकोथेरपीला, ज्यात नुसतं बोलणं असतं, एकही गोळी नसते, तिलाही आपण मानसोपचारच म्हणतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती घ्या. तिच्या नावात मानसोपचार आहे, पण तिचं सगळं काम विचारांवर आहे. हल्लीची मुलं सरळ 'थेरपी' म्हणतात. त्यानं गोंधळ टळत असेल तर तुम्हीही म्हणा.

शॉकबद्दलही सांगते. तो उपचार आजही आहे आणि काही गंभीर आजारांत तो जीव वाचवतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तो भूल दिल्याशिवाय द्यायला बंदी केली आहे. बोलायला म्हणून आलेल्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

मग मला कोणतं लागेल, हे घरी बसून कसं ओळखू?

अंतिम निदान घरी होत नाही. तरीही मी फोनवर तीन गोष्टी विचारते, त्या तुम्ही स्वतःलाही विचारू शकता.

पहिली, किती दिवस झाले? वडील जाऊन पंधरा दिवस झालेत आणि रडू येतंय, तर तो आजार नाही, ती माया आहे. तिथे ऐकणारा माणूस पुरतो, तो कधी घरातही मिळतो. पण दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, जेवण-झोप बिघडली आहे, तर तपासून घ्यायलाच हवं. उदासीनतेचं, म्हणजे डिप्रेशनचं, निदान करताना डॉक्टरही दोन आठवड्यांची मुदत धरतात.

दुसरी, त्यानं किती जागा व्यापली आहे? सासूशी पटत नाही, पण कामावर गेलं की डोकं शांत असतं, मैत्रिणींत हसू येतं, तर समुपदेशनापासून सुरुवात करा. तोच ताण माग चालवताना, पोरांचा अभ्यास घेताना, देवापुढे बसल्यावर, सगळीकडे पाठीशी येत असेल, तर काम मोठं आहे.

तिसरी, हे आधी कधी झालं होतं का? लोक या प्रश्नाला पटकन 'नाही' म्हणतात आणि दहा मिनिटांनी सांगतात, "कॉलेजात असताना एकदा वर्षभर असंच झालं होतं, पण ते आपोआप गेलं." आपोआप गेलेलं परत येतं, तेव्हा मी मानसोपचाराकडे बोट दाखवते. आपल्या घराण्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी जीव दिला का, हेही आठवून ठेवा. त्यात लाज नाही. बीपी-शुगरचा इतिहास सांगतो तसाच हा.

आधी समुपदेशन करून बघतो, नाही जमलं तर पुढचं. चालेल ना?

बहुतेक वेळा चालतं, पण समोरचा समुपदेशक आपली हद्द ओळखणारा हवा. इथे माझ्याच हातून झालेली चूक सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा. परीक्षेची धास्ती, अभ्यास होत नाही, सारखी शंका येते. मी त्याला वेळापत्रक करून दिलं, श्वासाचे व्यायाम शिकवले. दर आठवड्याला तो विचारायचा, "मॅडम, काही वाईट होणार नाही ना?" आणि मी दर आठवड्याला म्हणायची, "नाही रे, काही होत नाही." तो हलका होऊन जायचा. असे आठ आठवडे गेले. एक दिवस त्याची आई सोबत आली आणि सहज बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतंय. दोन बॅरल भरून ठेवते, तर ह्याच्या हात धुण्यातच एक बॅरल रिकामं होतंय." मी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोलली होती. आठ आठवडे ते हात माझ्या टेबलावर होते.

तो मंत्रचळ होता. त्यात समजूत काढणं म्हणजे आगीत तेल ओतणं. मी दिलेलं प्रत्येक 'काही होत नाही' त्याला पुढच्या शंकेपर्यंत जेमतेम पुरत होतं, आणि शंका वाढत होती. त्याला हवा होता तो वेगळा मानसोपचार: घाणीची भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम हात लावायचा आणि हात न धुता ती अस्वस्थता ओसरेपर्यंत थांबायचं, हे शिकवणारा. जोडीला डॉक्टरांच्या गोळ्याही लागल्या. तो सावरला. पण त्याचे ते दोन महिने माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी सगळ्यांना झोप, भूक, आंघोळ आणि हात धुणं याबद्दल विचारते, कितीही साधा प्रश्न घेऊन आले असोत.

म्हणून चार-सहा बैठकांत काहीच हललं नाही, तर तुम्हीच विचारा: "मला दुसऱ्या कुणाला दाखवायला हवं का?" चांगला समुपदेशक या प्रश्नावर रागावत नाही.

थेट डॉक्टरांकडेच जावं, असं कधी?

कानात आवाज येतात, सगळे आपल्यावर टपलेत असा संशय बळावतो, चार-चार दिवस झोप नाही आणि तरी अंगात उधाण आलेलं असतं, पैसे उधळले जातात, बोलणं थांबत नाही. यातलं काही दिसलं तर समुपदेशकाची वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बाळंतपणानंतर आई रात्र-रात्र जागी राहत असेल, बाळाबद्दल विचित्र बोलत असेल तर त्याच दिवशी जा. वयस्क माणूस दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं करू लागला तर आधी फिजिशियन गाठा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग किंवा सोडियम कमी होणं असू शकतं.

दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्यानं घरच्यांच्या शपथेवर एका दिवसात दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं इथवर जाऊ शकतं, आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती शरीरातून उतरवायची, समुपदेशन त्यानंतर.

ईसीजी नॉर्मल आला, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, तरी छाती धडधडते. हे मनाचं आहे का?

असू शकतं. आमच्याकडे येणाऱ्या कष्टकरी बायका 'मला टेन्शन आहे' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव घाबरा होतोय, डोक्यात मुंग्या येतात, अंगातनं वाफा निघतात, झोपच लागंना. विडी वळणाऱ्या एक मावशी समोर बसून बोलायच्या, तेव्हा मांडीवर सूप नसतानाही त्यांची बोटं पान वळत असायची. छातीत कळ येते म्हणून त्यांनी तीन ठिकाणी ईसीजी काढला होता. तिन्ही ठिकाणी "काही नाही तुम्हाला" असं सांगून घरी पाठवलं होतं. 'काही नाही' या शब्दांनी त्या फार दुखावल्या होत्या, कारण कळ तर खरी होती. नवऱ्याच्या कर्जावर बोलता बोलता एकदा त्यांची बोटं थांबली. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या.

तरी क्रम पाळा. आधी शरीर तपासा. थायरॉइड बिघडलं, बी-१२ किंवा रक्त कमी झालं तरी थकवा, धडधड, उदासी येते. ते ठीक असेल तर मन बघायचं. आणि मनाचं निघालं म्हणजे दुखणं खोटं, असा अर्थ कुणी काढला तर तो मानू नका.

मानसोपचारात नेमकं करतात काय? नुसत्या गप्पाच ना?

गप्पांनी बरं वाटतं, पण उपचाराला आराखडा असतो. एक उदाहरण देते.

एका गृहस्थांना गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, गर्दीत अचानक श्वास कोंडल्यासारखं झालं. हात बधिर झाले, आता आपण मरणार असं वाटलं. दवाखान्यात नेलं, हृदय ठणठणीत. पण तेव्हापासून ते गर्दीला घाबरू लागले. आधी मंगळवार बाजार सुटला, मग नवी पेठ सुटली, मग एसटी. सहा महिन्यांत घर आणि दुकान एवढंच जग उरलं. त्यांच्या मानसशास्त्रज्ञांनी आधी त्यांना घबराटीचा झटका शरीरात कसा चढतो ते समजावलं: धडधड झाली, तिचा अर्थ 'मरण' असा लागला, त्या भीतीनं धडधड आणखी वाढली. मग त्यांच्याकडूनच एक शिडी लिहून घेतली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे सकाळी दुकानं उघडायच्या वेळी नवी पेठेतून एक फेरी. मग संध्याकाळची फेरी. मग एसटी स्टँडवर बाकड्यावर वीस मिनिटं. मग मंगळवार बाजार. प्रत्येक पायरीवर भीती चढू द्यायची, पळून जायचं नाही, ती आपोआप उतरते हे अनुभवायचं. वहीत तारीख, जागा आणि भीतीचा आकडा शंभरपैकी किती, तो लिहायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: त्याच यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक.

पुढच्या संक्रांतीला ते गेले. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या वेळी, तो जिथे होतो त्या सम्मती कट्ट्याजवळ नाही, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पण सातही नंदीध्वज पुढून जाईपर्यंत थांबले. वहीतला त्या दिवशीचा आकडा ४० होता. सुरुवातीला नवी पेठेच्या रिकाम्या रस्त्यावर तो ८५ होता.

हे काम दोन बैठकांमधल्या सहा दिवसांत होतं. म्हणून जिथे तुम्हाला काहीच करायला दिलं जात नाही आणि महिनोन्‌महिने फक्त मन मोकळं होतं, तिथे एकदा विचारावं की आपण नेमके कुठे चाललो आहोत. सगळ्याच पद्धतींत वही-पेन्सिल नसते, काहींत भूतकाळावर सावकाश काम चालतं, तेही खरं आहे. पण दिशा सांगता आली पाहिजे.

किती बैठका लागतात?

एक बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची, बहुधा आठवड्यातून एकदा. समुपदेशनात चार ते आठ बैठकांत बऱ्याच जणांचं काम होतं. विचार-वर्तनावर काम करणाऱ्या उपचारात, म्हणजे सीबीटीत, १२ ते २० धरून चालावं. जुन्या आघाताला किंवा स्वभावात मुरलेल्या त्रासाला वर्ष लागलं तर घाबरू नका.

गोळ्यांची सवय लागते का? गोळ्या घेत असताना बोलायला यावं का?

यावंच. मध्यम आणि तीव्र उदासीनतेत दोन्ही एकत्र घेतल्यानं अनेकांना जास्त फायदा होतो. गोळीनं झोप आणि ताकद परत येते, बोलण्यातून त्या ताकदीचं काय करायचं ते कळतं.

उदासीनतेच्या गोळ्यांची दारूसारखी नशा लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात, आणि नेमकं तेवढ्यात लोक कंटाळून सोडतात. मध्येच एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते. त्यालाच लोक 'सवय लागली' समजतात. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र खरोखर सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या मोजक्याच दिवसांसाठी देतात. शेजारणीची चिठ्ठी घेऊन त्या मेडिकलमधून आणू नका. आणि ज्या समुपदेशकानं तुम्हाला परस्पर "गोळ्या सोडून द्या" असं सांगितलं, त्याच्याकडे परत जाऊ नका.

पाटीवरच्या पदव्या कशा वाचायच्या?

मानसोपचारतज्ज्ञांच्या नावापुढे एमबीबीएस आणि त्यानंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम असतं, विषय मनोविकारशास्त्र. या तिघांत गोळ्या तेच देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं चालते, आणि नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मानसोपचार आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे त्यांचं खास शिक्षण. समुपदेशक मानसशास्त्रात एमए, समुपदेशनाची पदविका किंवा एमएसडब्ल्यू केलेले असतात.

समुपदेशकांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकांचाही समावेश झाला, पण आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेली माणसं अजून भेटतात. विचारा: शिक्षण कुठलं, प्रत्यक्ष सराव कुणाच्या देखरेखीखाली केला, माझ्यासारख्या त्रासावर याआधी काम केलंय का, आणि अडलात तर कुणाचा सल्ला घेता? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

सोलापुरात कुठे जायचं? आम्हाला खासगी परवडत नाही.

सिव्हिलमध्ये जा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि 'मानसिक ओपीडी' कुठे ते विचारायचं. गर्दी असते, सकाळी लवकर जा. गर्दीत डॉक्टरांना पाऊण तास बोलणं जमत नाही, हे गृहीत धरा. निदान आणि गोळ्या तिथून घ्याव्यात, आणि बोलण्याच्या उपचाराची सोय तिथेच आहे का ते आवर्जून विचारावं.

घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. 'हे की ते' या प्रश्नाची सुरुवात करायला मला हा क्रमांक फार उपयोगी वाटतो.

विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. ओपीडीतल्या बैठका मात्र पुष्कळ पॉलिसींत बसत नाहीत.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. मराठीत मन मोकळं होत नाही.

मग तेलुगूत बोला. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुणाकडे दखनी. सोलापूरची माणसं तीन भाषा सहज बोलतात, पण रडतात एकाच भाषेत. वेळ ठरवतानाच विचारा, ही भाषा येणारं कुणी आहे का. टेलि-मानसवरही भाषा निवडता येते. घरातल्या मुलीला दुभाषी म्हणून बसवणं मात्र टाळा. आईचं जे दुःख तिनं ऐकायचं नाही, तेच तिला भाषांतर करून सांगावं लागतं.

सात रस्ता चौकात कुणी ओळखीचं भेटलं तर? बोललेलं बाहेर जाणार नाही ना?

ही भीती मी कधीच हलक्यात घेत नाही. मुलीचं लग्न ठरायचंय, म्हणून जिना चढताना पदर तोंडावर घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. आमच्यातले बरेच जण दोन वेळांत अंतर ठेवतात, म्हणजे येणारा आणि जाणारा समोरासमोर येत नाही. तशी वेळ मागून घ्या. ऑनलाइन बैठकही चालते, फक्त घरात दार लावता येईल अशी जागा हवी. काही जण गाडी बाजूला लावून गाडीतून बोलतात.

गुप्तता हा २०१७ च्या कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. नवऱ्यानं फोन करून "ती काय बोलली?" विचारलं तरी सांगायचं नसतं. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, न्यायालयानं आदेश दिला तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा. पॉक्सो कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच दिवशी सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा.

मुलगा ऐकत नाही. त्याला जरा समजावून सांगाल का?

समजावून सांगण्याचं काम घरात वर्षभर झालेलं असतं. मी तेच पुन्हा केलं तर मी त्याच्या नजरेत आणखी एक मावशी होते. मी त्याचं ऐकते. बऱ्याचदा मार्कांखाली दुसरंच निघतं: वर्गात होणारी चिडवाचिडवी, अक्षरं उलटसुलट दिसणं, किंवा आई-वडिलांची रात्रीची भांडणं. वाचन-लेखनाची अडचण असेल तर चाचणीसाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे पाठवते. आई-वडिलांना दोन बैठका वेगळ्या द्याव्या लागतात, त्याची तयारी ठेवून या.

आम्हा नवरा-बायकोचं पटत नाही. एकत्र यावं का?

दोघांचीही यायची तयारी असेल तर जरूर या. आत्ता भांडण वाढलंय एवढंच असेल तर समुपदेशन पुरतं. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं तर तिथेही विवाह समुपदेशक असतात.

पण बायकोला मारहाण होत असेल, तर दोघांना एका खोलीत बसवणं मला मान्य नाही. जे ती खोलीत बोलते त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिथे आधी तिची सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. "दोघांनीही थोडं समजून घ्या" असं सांगणारं समुपदेशन अशा घरात अन्याय करतं.

घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, आधी देवस्थानाला जाऊन येऊ.

जाऊन या. अक्कलकोटला, तुळजापूरला, दर्ग्यात, जिथे तुमची श्रद्धा आहे तिथे. मन निवतं, घरचे एकत्र येतात, हे मी पाहिलं आहे. माझी विनवणी एवढीच की गोळ्या सोबत न्या आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका. आणि कुणी भूत उतरवायला म्हणून मारत असेल, साखळीनं बांधत असेल, मिरच्यांची धुरी देत असेल, तर तिथून माणसाला घेऊन बाहेर पडा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

जीव द्यावासा वाटतो, असं कुणी म्हणालं तर?

मग हे की ते, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंयस का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं उतरतं. "असं बोलू नये, पोरांकडे बघ" हे वाक्य त्या क्षणी तोंडातून येऊ देऊ नका, त्यानं माणूस गप्प होतो. घरातलं कीटकनाशक आणि साठलेल्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. १४४१६ ला फोन लावा, आणि त्यानं काही केलंच असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल या भीतीनं वेळ घालवू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायचे असतात.

ते शब्द तुमचे स्वतःचे असतील, तर आत्ता हे वाचून होईपर्यंतही थांबू नका. फोन करा, किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा.

पहिल्या दिवशी येताना काय आणू?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बीपी-शुगरचीसुद्धा. जुन्या चिठ्ठ्या, मागच्या सहा महिन्यांतल्या रक्ताच्या तपासण्या. एका कागदावर त्रास कधी सुरू झाला तो महिना, आणि त्या सुमारास घरात काय घडलं होतं ते. बाकी काही नको. काय बोलायचं ते पाठ करून येऊ नका. पुष्कळ जण पहिली दहा मिनिटं गप्पच बसतात, तेही चालतं. पाण्याचा तांब्या टेबलावर असतो.